बहुवारिक-कलमित कार्बन नॅनोनलिका संमिश्रांचे विद्युतरोधन : एक चिकित्सा

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात कृषिपंपांना वीज पुरविणारे रोहित्र, ज्यास शेतकरी 'डीपी' म्हणतात, 11 किलोव्होल्टचा दाब 433 व्होल्टपर्यंत उतरविते. रब्बीत त्यावर पंपांचा भार वाढतो. उन्हाळ्यात पारा 40 अंश सेल्सियसच्या वर जातो. तेलात बुडविलेल्या साध्या कागदी रोधनाचे तापमान सुमारे 6 अंशांनी वाढल्यास त्याच्या जीर्णतेचा वेग दुप्पट होतो, असे मानले जाते. नव्या रोधक पदार्थांविषयीचे दावे याच परिस्थितीच्या कसोटीवर तपासणे आवश्यक आहे.

सुमिओ इजिमा यांच्या 1991 मधील शोधनिबंधानंतर कार्बन नॅनोनलिकांच्या संशोधनाला गती मिळाली. या नलिका मुळात वीजवाहक आहेत. इपॉक्सीत त्या वजनाने 1 टक्क्याहून कमी मिसळल्या तरी परस्परांना जोडून अखंड वाहक साखळी तयार होऊ शकते व रोधकता अनेक पटींनी घसरते. यावर उपाय म्हणून नलिकेच्या पृष्ठभागावर बहुवारिकाच्या साखळ्यांचे कलम केले जाते. हे रोधक वेष्टन नलिकांना परस्परांपासून अलग ठेवते. ही कल्पना निःसंशय मौलिक आहे.

तथापि, रोधकता टिकली म्हणजे रोधन सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. सामान्य तापमानात, कमी एकदिश दाबाखाली मोजलेली रोधकता ही केवळ पहिली पायरी होय. वेष्टन काही नॅनोमीटरच जाड असेल, तर उच्च दाबाखाली इलेक्ट्रॉन ते भेदून पलीकडे जाऊ शकतात. नलिकांच्या टोकांशी विद्युतक्षेत्रही तीव्र होते. वाढलेला परावैद्युतांक धारित्रात इष्ट असला, तरी रोहित्रात तो शेजारच्या तेलावरील व हवेच्या पोकळ्यांवरील ताण वाढवितो.

तुलनेच्या पद्धतीतही एक उणीव राहू शकते. कलमित नलिकांच्या वजनात बहुवारिकाचाही वाटा असतो. त्यामुळे समान वजनाच्या नमुन्यांत प्रत्यक्ष नलिका कमी असतात आणि त्याचे श्रेय चुकीने कलमास मिळते. निव्वळ नलिकांचे प्रमाण समान ठेवूनच तुलना व्हावयास हवी.

सारांश, भंजनक्षमता, 50 हर्ट्झवरील परावैद्युत हानी आणि उष्णता व आर्द्रतेतील दीर्घकालीन जीर्णता यांची मोजणी झाल्याखेरीज या संमिश्रांना रोहित्रासाठीचे रोधक म्हणणे शास्त्रसंमत ठरणार नाही. पीक ऐन भरात असताना रोहित्र जळाले, तर अपुऱ्या चाचणीची किंमत शेतकऱ्यालाच मोजावी लागते.