मोकाट कोण?

पिशोरसारख्या गावात ‘मोकाट’ या शब्दाचा अर्थ बघायला कोश उघडावा लागत नाही. गाय दुसऱ्याच्या मक्यात शिरली, की शेजारी बांधावरून ओरडतो, ‘जनावरं मोकाट सोडलीत का?’ इथं जरा थांबा. बोल गायीला नाही, मालकाला आहे. १८७१ च्या गुरांच्या कायद्याची रीतही तीच. कोंडवाड्यात गाय जाते, दंड मालक भरतो.

आपल्याच कन्नड तालुक्यात गौताळ्याचं जंगल आहे, १९८६ पासून अभयारण्य. तिथला बिबट्या गायीपेक्षा कितीतरी अनावर. पण तो शिवारात आला, तर वर्तमानपत्रं ‘बिबट्याचा मुक्त संचार’ असं छापतात. ‘मोकाट’ सहसा म्हणत नाहीत. कारण त्याला बांधून ठेवणं कुणाचं कामच नव्हतं. म्हणजे हा शब्द प्राण्याचा स्वभाव सांगत नाही, सुटलेलं दावं सांगतो. म्हणूनच ‘आरोपी मोकाट’ हा मथळा मला योग्य वाटतो. ज्यांनी पकडायचं त्यांना तो जाब विचारतो.

पण ‘हल्लीच्या पोरी मोकाट सुटल्यात’ या वाक्याचं काय? पोरगी एसटीनं कॉलेजला जाते, मोठ्यानं हसते, कधी उशिरा घरी येते. कुणाच्या मक्यात ती शिरलेली नसते. बोलणाऱ्याला वाटतं, आपण तिचं वागणं सांगतोय. प्रत्यक्षात दावं आपल्या हातात होतं, असा तो दावा करतोय. तरुणपणी मी माझ्या धाकट्या बहिणीला हा शब्द वापरलाय. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज कबूल करतो.

मोकाट, मोकळा, मुक्त, मोक्ष, हे सगळे ‘मुच्’ म्हणजे सोडणे, या एकाच धातूच्या गोतातले. मी आयुष्यभर वर्गात मोक्ष शिकवला. घरदार सोडून निघालेल्या संन्याशाच्या आपण पाया पडतो, आणि उंबऱ्याबाहेर पडलेल्या मुलीला मोकाट म्हणतो!

मग खरोखरच ताळतंत्र सुटलेल्या माणसाला काय म्हणायचं? ‘बेफाम’ म्हणा. फारसीतला ‘बे’ आणि अरबीतला ‘फहम’ म्हणजे समज. समज हरवलेला तो बेफाम. भर बाजारातून मोटारसायकल दामटणाऱ्या पोराला हा शब्द चपखल बसतो. मुलीची समज सुटली, तर तिलाही लावा. त्यात कुणाची मालकी येत नाही. ‘मोकाट’ मात्र गोठ्यापुरता राहू द्या.