पत्र एकाचं, मत गावाचं?
स्थानिक वर्तमानपत्रातील वाचकांची पत्रे पुरावा म्हणून वापरताना

आपल्या मंडळात वाचल्या जाणाऱ्या निबंधांत एक वाक्य वारंवार येतं: 'या प्रश्नावर त्या वेळी बऱ्हाणपूरच्या जनतेचं मत असं होतं.' आणि खाली आधार म्हणून वर्तमानपत्राच्या अभिप्रायाच्या पानावरचं एखादं पत्र. फार झालं तर दोन. या सवयीवर मला टीका करायची आहे. मी शिक्षणाने अभियंता, इतिहासात स्वयंशिक्षित. म्हणून माझा पहिला प्रश्न साधा असतो: नमुना कुठून घेतला? नदीच्या एका काठावरून बादलीभर पाणी काढलं तर ते नदीचंच असतं, पण त्यावरून अख्ख्या नदीचा गढूळपणा कुणी ठरवत नाही.

अभिप्रायाचं पान कसं तयार होतं ते आधी पाहू. पत्र लिहायला अक्षरओळख लागते, त्या वर्तमानपत्राची भाषा यावी लागते, आणि आपलं कुणी ऐकेल असा भरवसा लागतो. मग संपादक निवडतो, छाटतो, मथळा देतो. चार चाळण्या झाल्या. पानावर उरतं ते खरं असेल, पण ते चाळून उरलेलं असतं.

मराठीत ही गोष्ट पहिल्यापासून दिसते. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघालं. एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. त्यात वाचकांची पत्रं येत. पण दोन भाषांचं पत्र विकत घेऊन वाचणारा आणि त्याला उत्तर लिहिणारा माणूस मुंबईत तेव्हा किती थरांतून येत असेल, हे सांगायला गणित नको.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 1848 पासून 'लोकहितवादी' या टोपणनावाने पत्रं छापून येऊ लागली. एकूण 108, आपण त्यांना शतपत्रे म्हणतो. रूप पत्राचं, नाव लोकांच्या हिताचं, पण हात एकाच माणसाचा: गोपाळ हरी देशमुख. ते सरकारी नोकरीत होते आणि ज्या ब्राह्मण समाजाला त्यांनी सडकून बोल लावले, त्याच समाजातले होते. पत्रांचं मोल याने तसूभरही कमी होत नाही. पण उद्या कुणी ती 108 पत्रं मोजून 'पुण्यात सुधारणेची लाट होती' असं लिहिलं, तर त्याने एक माणूस 108 वेळा मोजला असं होईल. आपल्याकडच्या 'एक नागरिक', 'एक त्रस्त वाचक' या सह्या वाचताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

म्हणजे या पानावर खरा समाजाचा आवाज येतच नाही का? येतो. 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'त मुक्ताबाई या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला गेला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. 'ज्ञानोदय' हे अहमदनगरला 1842 मध्ये सुरू झालेलं मिशनऱ्यांचं पत्र. हिंदू धर्मव्यवस्थेवरची टीका त्यांना हवीच होती, आणि इंग्रजी राज्याचं कौतुकही त्या निबंधात आहे. एवढ्यावरून काही जण म्हणतात, हा मुलीच्या तोंडून मिशनऱ्यांचाच आवाज. मला हे पटत नाही. मांग-महारांच्या बाया उघड्यावर, छपराविना बाळंत होतात आणि थंडी-पावसात त्यांचं काय होतं, हे ती लिहिते. हा तपशील कुठल्याही संपादकाच्या टेबलावर सुचणारा नाही. ज्याने सोसलं, तोच तो लिहितो. तेव्हा माझी पहिली कसोटी ही: पत्रात असं काही आहे का, जे यजमानाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं? असेल, तर तिथे समाज बोलतो आहे.

दुसरी कसोटी आपल्या शेजारातून घेतो. आपल्या दक्षिणेचे डोंगर उतरलं की जळगाव जामोद, आणि पुढे बुलढाणा. तिथे ताराबाई शिंदे राहत. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेवर 1881 मध्ये अर्भकहत्येचा खटला चालला. पुण्याच्या वर्तमानपत्रांत त्यावर आणि एकूण स्त्रियांच्या वागण्यावर बरंच लिहून आलं. ताराबाईंनी उत्तर दिलं ते पत्र पाठवून नाही. 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकच छापून. त्याची कुचेष्टा झाली तेव्हा जोतीरावांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं. ज्याने फक्त वर्तमानपत्रांची पानं चाळून 1882 चं 'स्त्रियांविषयीचं लोकमत' लिहिलं असतं, त्याच्या हाती बोलणारे पुरुषच लागले असते. म्हणून दुसरी कसोटी: ज्याच्याबद्दल पान बोलतं, तो त्या पानावर आहे का? नसेल, तर तो दुसरीकडे कुठे बोलला?

कधी पानच बंद असतं. डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'चा पहिला अंक 31 जानेवारी 1920 चा. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, असं त्यांनीच पुढे 'बहिष्कृत भारता'त नोंदवलं. मूकनायकाच्या पहिल्याच लेखात त्यांनी हिंदू समाजाला मजले असलेल्या पण जिना नसलेल्या इमारतीची उपमा दिली. वर्तमानपत्राच्या पानालाही ती तंतोतंत लागू पडते. वरच्या मजल्यावरचं बोलणं खाली ऐकू येतं, खालचं वर पोचायला वाट नाही.

आता आपलं गाव. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्य मराठी-हिंदी दोन्ही भाषांचं होतं. त्यानंतर भोपाळ. इथला मराठी माणूस अर्ज हिंदीत करतो आणि लग्नपत्रिका मराठीत छापतो. पावरलूमवरचा अन्सारी विणकर घरी उर्दू बोलतो. गुजर शेतकऱ्याची घरची बोली वेगळी, खकनारकडच्या कोरकूची तर पूर्ण वेगळी. एका भाषेतल्या एका पानावर हे सगळे आले असतील, असं मानणं म्हणजे कुंडी भंडाऱ्याची एक कुंडी पाहून आख्खा भुयारी प्रवाह पाहिला म्हणण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट मला बोचते. देशाचा पहिला वृत्तपत्री कागदाचा कारखाना आपल्या नेपानगरला. 1955 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1956 मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कागदासाठी लागणारा सालई आणि बांबू सातपुड्याच्या जंगलांतला. त्या जंगलात राहणाऱ्याचं लाकूड कागद होऊन देशभर गेलं. त्याच्या बोलीतलं पत्र त्या कागदावर कितीसं छापलं गेलं? आपल्या जिल्ह्याचा वृत्तपत्रांशी असलेला संबंध सांगताना अभिमानाचं पहिलं वाक्य सगळे लिहितात, हे दुसरं वाक्य राहून जातं.

तर मग पत्रं टाकून द्यायची का? मुळीच नाही. नळ, रस्ता, केळीचा भाव, लूमची वीज यांवरच्या पत्रांत जो तपशील असतो तो सरकारी अहवालात सापडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती वापरण्याची शिस्त हवी. एक, कात्रण एकटं ठेवू नये. तारीख, मथळा आणि शेजारच्या मजकुरासकट पूर्ण पानाचा फोटो ठेवावा. दोन, टोपणनावाच्या पत्रांची वेगळी वही करावी, म्हणजे एकच हात किती वेळा लिहितो ते कळेल. तीन, प्रत्येक प्रश्नापाशी त्या पानावर नसलेल्यांची यादी लिहावी. चार, त्या यादीतल्यांचा आवाज पानाबाहेर शोधावा: मजूर संघटनांची पत्रकं, मुशायऱ्याच्या जाहिराती, मंडईच्या पावत्या, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. आणि पाचवं, 'जनतेचं मत' ही शब्दजोडी आपल्या निबंधांतून काही वर्षं तरी हद्दपार करावी. त्या जागी 'अमुक तारखेच्या अमुक पत्रलेखकाचं मत' असं लिहावं. वाक्य लांबेल, ऐकायला रुक्ष वाटेल. पण ज्यांना पान मिळालं नाही त्यांच्या नावावर आपण दुसऱ्याचं मत खपवणार नाही, एवढं तरी होईल.