शेवटच्या प्रकरणाआधी थांबावे

दोन महायुद्धांच्या दरम्यान लिहिल्या गेलेल्या इंग्रजी रहस्यकथा आजही आवडीने वाचल्या जातात. खुनाचा थरार हे त्याचे कारण आम्हाला पटत नाही. या कथांत रक्तपात थोडा आणि विचार अधिक असतो. त्यांची खरी गोडी लेखक-वाचकांमधील एका करारात आहे : गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक दुवा वाचकालाही दाखवला जाईल. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियमच मांडले. दैवी शक्तीला त्यांत थारा नव्हता.

ॲगाथा ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' (१९२०) पाहा. पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात त्यांनी काम केले होते. ते ज्ञान इथे कामी आले. स्ट्रिक्नीनयुक्त टॉनिकमध्ये ब्रोमाइड मिसळले, की स्ट्रिक्नीनचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. बाटली हलवली नाही, तर जवळजवळ सगळे विष शेवटच्या मात्रेत येते. झोपेच्या पुड्यांची रिकामी डबी लेखिकेने आधीच दाखवलेली असते. पण रसायनशास्त्र न जाणणाऱ्याला तिचा अर्थ लागत नाही. निरीक्षणाला ज्ञानाची जोड लागते, ती अशी.

तरीही रहस्यकथा वाचून वैज्ञानिक दृष्टी आपोआप येते, असे मानणे घाईचे होईल. होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल स्वतः डॉक्टर होते. एडिंबरा येथील आपले शिक्षक जोसेफ बेल यांच्या निरीक्षणशक्तीवरून त्यांना होम्स सुचला. याच डॉइल यांनी कॉटिंग्ली गावातील दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानली आणि १९२२ मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले! त्या पऱ्या कागदातून कापलेल्या होत्या, अशी कबुली १९८३ मध्ये मिळाली.

असे का व्हावे? कथेतले पुरावे लेखकानेच पेरलेले असतात, म्हणून होम्सचा तर्क सहसा बरोबर ठरतो. निसर्गाच्या पुस्तकात शेवटचे प्रकरण कोणी लिहून ठेवलेले नाही. तिथे सुचलेले उत्तर पुन्हा पुन्हा तपासावे लागते आणि चुकीचे ठरल्यास, कितीही आवडते असले तरी, सोडावे लागते.

तेव्हा वर्गात रहस्यकथा जरूर वाचाव्यात; फक्त शेवटच्या प्रकरणाआधी थांबावे. विद्यार्थ्यांनी आपापली उत्तरे कारणांसह वहीत लिहावीत. कोणता पुरावा पुढे आला तर आपण ते उत्तर सोडून देऊ, हेही त्याखाली लिहावे.