पडद्यावरचा अँथनी आणि आपण

गळ्यात क्रूस, हातात पेला आणि तोंडी मोडके हिंदी, एवढ्या खुणा दिसल्या की प्रेक्षक ख्रिस्ती पात्र ओळखतो. ‘बॉबी’तील (१९७३) जॅक ब्रॅगान्झा व ‘ज्यूली’तील (१९७५) मद्यप्रिय पिता यांनी रूढ केलेल्या ह्या साच्याचे सर्वांत लोभस रूप म्हणजे ‘अमर अकबर अँथनी’तील (१९७७) अँथनी गोन्साल्विस. कमाईतील निम्मा वाटा येशूला देणाऱ्या ह्या गुत्तेवाल्याला दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी अमर व अकबर यांचा सख्खा भाऊ ठरविले. हे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु भावंडांत त्याला जागा मिळते ती हसविण्याच्या बोलीवर!

हे नाव मूळचे संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनगुरूंचे. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांना भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास होता. शिष्याच्या कृतज्ञतेमुळे नाव घरोघरी पोचले. त्यामागील साधना मात्र पोचली नाही. लोकांच्या स्मरणात राहिला तो ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडणारा अँथनी.

आमच्यात मद्यपी नाहीत, असा आमचा दावा नाही. चिंता वेगळीच आहे. इतरांनी काढलेले चित्र पाहून आपणच तसे बोलू लागतो. धर्मग्रामातील नाटुकल्यातही विनोदी पात्र हवे झाले की आमचा तरुण लेखक पडद्यावरचा अँथनी उसना आणतो. घरातील सामवेदी वा ईस्ट इंडियन बोलीत बोलणारा आजोबा त्याला सुचत नाही.

याउलट अपर्णा सेन यांच्या ‘३६ चौरंगी लेन’मधील (१९८१) व्हायोलेट स्टोनहॅम पाहा. कलकत्त्याची ही वृद्ध अँग्लो-इंडियन शिक्षिका शेक्सपिअर शिकविते, वृद्धाश्रमातील भावाला भेटते आणि जुन्या विद्यार्थिनीच्या गोड बोलण्याला फसते. ती कोणाची प्रतिनिधी नाही. ती केवळ व्हायोलेट आहे. म्हणूनच तिच्या एकटेपणातून एका विखुरत चाललेल्या समाजाचे दुःख आपोआप उमगते.

तेव्हा पडद्यावर संतसज्जन दाखवा, अशी मागणी करून काय साधणार? तोही एक साचाच होईल. आपल्या माणसाला त्याच्या गुणदोषांसह, त्याच्याच बोलीत, आपण लिहिले पाहिजे. आपलेपणाचा दाखला इतरांकडून मागण्यापूर्वी स्वतःचा आवाज ओळखणे अगत्याचे आहे.