ऐकीव शिफारस

पॉडकास्ट नामक संभाषणांत पाहुण्यास शेवटीं ‘कोणतें पुस्तक वाचावें?’ असें विचारण्याचा प्रघात पडला आहे. उत्तरांत डॅनियल कानेमान यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ (२०११) या ग्रंथाचें नांव वारंवार ऐकूं येतें. ग्रंथ थोर खराच. लाभाच्या आनंदाहून हानीचें दुःख अधिक बोचतें, याचें त्यांतील विवेचन कोणासही पटावें. परंतु चौथें प्रकरण निराळें. वार्धक्यसूचक शब्द नुसते नजरेखालून गेले तरी तरुणांची चाल मंदावते, अशा प्रयोगांवर तेथें ग्रंथकारांनीं निःशंक विश्वास टाकला आहे. २०१२ सालीं बेल्जममधील संशोधकांनीं तोच प्रयोग पुन्हां केला, तेव्हां प्रयोगकर्त्याच्या मनांत तशी अपेक्षा असल्यावांचून चाल मंदावेना! अल्प नमुन्यांच्या संशोधनावर आपण फाजील भिस्त ठेवली, असें कानेमान यांनीं २०१७ सालीं प्रांजळपणें मान्य केलें. नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याची ही कबुली (आम्हां प्राध्यापकांस ती किती जड जाते!) आमच्या मतें ग्रंथाइतकीच अभ्यसनीय आहे. आमच्या कानीं आलेल्या शिफारशींत मात्र तिचा उच्चार नव्हता. गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें तो चालीचा प्रयोग सिद्ध सत्य म्हणून निबंधांत उतरविला, आणि आम्हीही त्यावर बरोबरची खूण केली.