संधी आणि शबलता

नाटक-कादंबरीवर लिहिताना 'संमिश्र भावना' हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण मिश्रणात घटक एकमेकांत विरघळतात. एकाच घराविषयी माया आणि चीड एकाच वेळी वाटते, तेव्हा दोन्ही समोरासमोर उभ्या राहतात, विरघळत नाहीत.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी या अवस्थेला १९१० मध्ये 'अँबिव्हॅलन्स' हे नाव दिलं. भावना, इच्छा आणि विचार असे तिचे तीन प्रकारही सांगितले. फ्रॉइडने ही संज्ञा उचलली. मात्र ती रुग्णांच्या निरीक्षणातून आलेली. निरोगी मनातही ही अवस्था असते, हे ब्लॉयलर यांनी स्वतः मांडलं, तरी दुखण्याचा वास तिला चिकटून राहिला. मराठीत 'द्विधा मनःस्थिती' म्हणताच निर्णय न घेता येणारा दुबळा माणूसच डोळ्यांपुढे येतो.

आपल्या काव्यशास्त्रात मात्र हा दोष नाही. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त भावसंधी आणि भावशबलता वेगळ्या नोंदल्या आहेत. शबलतेत वितर्क, औत्सुक्य, शंका, दैन्य असे भाव एकामागून एक येतात. पुढचा मागच्याला बाजूला सारतो. संधीत दोन तुल्यबळ भाव एकाच क्षणी भेटतात. त्याच्या उदाहरणात रामाला एकीकडे परशुरामाचं आगमन खेचतं, दुसरीकडे सीतेचं आलिंगन रोखतं. इथे राम दुबळा ठरत नाही. सौंदर्य त्या ताणातच आहे.

हा भेद महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ला (१९८५) लावून पाहावा. सरंजामी कुटुंबाच्या विघटनाचं नाटक, अशी त्याची ओळख पक्की झाली आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. विघटन म्हटलं की निकाल लागतो. प्रत्यक्षात मुंबईला गेलेल्या सुधीरला वाड्यात राहता येत नाही आणि वाडा सोडवतही नाही. आपणही अंगणात गंजणाऱ्या ट्रॅक्टरकडे पाहून या घराच्या पोकळ प्रतिष्ठेला हसतो, आणि त्याच क्षणी वाडा ढासळतो म्हणून आत काहीतरी तुटतं. एक भाव दुसऱ्याला पुसत नाही. हा भावसंधी आहे, आणि तो प्रेक्षकाच्या मनात घडतो.

मग समीक्षकाने 'लेखकाची बाजू कोणती?' असं विचारून या दोहोंपैकी एक भाव खोडू नये. वाडा कधीच सोडून आलेल्या आपल्यासारख्यांचं खरं दुखणं त्या खोडलेल्या अर्ध्यातच असतं.