मॅक्‌बेथ

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) ह्या विख्यात इंग्रज नाटककाराची एक श्रेष्ठ शोकात्मिका. १६०६ च्या सुमारास ती लिहिली गेली असावी. १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात सायमन फॉर्मनने तिचा प्रयोग पाहिल्याची नोंद आहे. संहिता मात्र १६२३ च्या पहिल्या फोलिओत प्रथम छापली गेली. शेक्सपिअरच्या शोकात्मिकांत ती सर्वांत छोटी होय. हेकटी ह्या देवतेचे प्रवेश टॉमस मिडल्टनने मागाहून घातले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात.

स्कॉटलंडच्या डंकन राजाचा सेनानी मॅक्‌बेथ ह्याला, तो राजा होणार, असे भाकीत तीन चेटकिणी ऐकवितात. सोबतच्या बँक्वोचे वंशज राजे होतील, असेही त्या सांगतात. पत्नीच्या चिथावणीने मॅक्‌बेथ आपल्याच किल्ल्यात पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा झोपेत खून करतो. मिळविलेले सिंहासन टिकविण्यासाठी तो बँक्वोला मारेकऱ्यांकरवी ठार करवितो आणि मॅक्‌डफ ह्या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल घडवून आणतो. अखेर मॅक्‌डफच्याच हातून त्याचा अंत होतो.

कथानकाचा आधार राफेल हॉलिन्शेडच्या बखरींचा आहे. तथापि शेक्सपिअरने केलेले बदल सूचक आहेत. बखरीतला डंकन दुबळा राज्यकर्ता आहे, बँक्वो कटात सामील आहे आणि मॅक्‌बेथ सुमारे दहा वर्षे चांगला राज्यकारभार करतो. शेक्सपिअरचा डंकन सज्जन व वयोवृद्ध आहे. बँक्वो निर्दोष आहे. १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःस बँक्वोचा वंशज मानीत असल्याने हा बदल राजाला रुचावा म्हणून केला गेला, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य असेलही. परंतु त्याचा नाट्यगत परिणाम अधिक महत्त्वाचा आहे : मॅक्‌बेथच्या कृत्याला कोणतेच निमित्त उरत नाही.

महत्त्वाकांक्षेची शोकात्मिका असे हिचे वर्णन सर्रास केले जाते. ते अपुरे आहे. राजवैभवाच्या उपभोगाची स्वप्ने मॅक्‌बेथ रंगवीत नाही. खुनापूर्वीच्या स्वगतात तो खुनाविरुद्धची कारणे एकेक करून मांडतो आणि बाजूने मात्र महत्त्वाकांक्षेखेरीज काहीच सापडत नसल्याचे स्वतःच कबूल करतो. परिणाम पूर्णपणे ठाऊक असताना केलेले हे पाप आहे. चेटकिणींवरही दोष ढकलता येत नाही. खून कर, असे त्या कोठेही सांगत नाहीत आणि तेच भाकीत ऐकलेला बँक्वो हातात शस्त्र घेत नाही. मात्र संशय येऊनही तो गप्प राहतो, हे विसरता येत नाही.

पौरुष म्हणजे काय, हा प्रश्न ह्या नाटकात सतत उभा राहतो. लेडी मॅक्‌बेथ त्याचा अर्थ वध करण्याचे धैर्य असा लावते आणि पतीला त्याच शब्दाने डिवचते. ह्याचे उत्तर पुढे मॅक्‌डफ देतो. कुटुंबाच्या हत्येची वार्ता ऐकल्यावर पुरुषासारखे सहन कर, असे त्यास सांगण्यात येते, तेव्हा पुरुषासारखेच ते दुःख भोगलेही पाहिजे, असे तो म्हणतो. हा क्षण ज्या इंग्लंडमधील प्रवेशात येतो, तो बराच लांबलेला आहे. ह्या क्षणासाठी ती लांबण सोसावी.

पतिपत्नींचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी होतो. थोड्या पाण्याने रक्त धुतले जाईल, असे म्हणणारी ती अखेर झोपेत चालत हात चोळीत राहते. हवेतल्या खंजिराने भेदरणारा तो इतका बधिर होतो, की तिच्या मृत्यूची बातमी आल्यावर त्याला शोकही करता येत नाही. आयुष्याची निरर्थकता तेवढी जाणवते. ही बधिरता मॅक्‌बेथची खरी शिक्षा आहे, मॅक्‌डफची तलवार नव्हे.

सत्ता मिळाली, पण वारस नाही, ही सल त्याला बँक्वोच्या मुलाच्या जिवावर उठवते. एल. सी. नाइट्स ह्या समीक्षकाने १९३३ मध्ये लेडी मॅक्‌बेथच्या मुलांची संख्या मोजणाऱ्या समीक्षेची थट्टा केली. ती थट्टा योग्यच होती. परंतु वारसाचा प्रश्न तिने निकालात निघत नाही. क्लिअँथ ब्रुक्सने १९४७ मध्ये नाटकातील बालकाच्या प्रतिमेचे महत्त्व दाखविले. भविष्यकाळ लहान मुलांच्या रूपाने वावरतो आणि मॅक्‌बेथचे वैर त्यांच्याशीच आहे. द्वारपालाचा विनोदी प्रवेश कोलरिजला प्रक्षिप्त वाटला. त्यापूर्वीच सुरू होणाऱ्या दारावरील थापांचे मर्म टॉमस डी क्विन्सीने १८२३ मध्ये उलगडले : खुनाने थांबलेले माणसांचे जग त्या थापांनी पुन्हा चालू होते.

जपानी दिग्दर्शक आकिरा कुरोसावाने १९५७ मध्ये ह्या कथेवर चित्रपट काढला. विशाल भारद्वाजच्या मकबूल (२००३) ह्या हिंदी चित्रपटात ती मुंबईच्या गुन्हेगारी जगात घडते. मराठीत शि. म. परांजपे ह्यांचे मानाजीराव आणि वि. वा. शिरवाडकर ह्यांचे राजमुकुट (१९५४) ही रूपांतरे प्रसिद्ध आहेत. राजमुकुटच्या प्रयोगात दुर्गा खोटे ह्यांनी लेडी मॅक्‌बेथची भूमिका केली होती.